तीन वर्षांत झाड काय सांगणार?

संशोधनासाठी मिळणाऱ्या ग्रँटच्या जवळजवळ प्रत्येक फॉर्ममध्ये एक रकाना असतो, 'प्रकल्पाअखेर अपेक्षित निष्कर्ष', आणि त्याच्या आसपासच कुठेतरी कालावधी लिहिलेला असतो, बहुतेक वेळा तीन वर्षं. जंगलावर काम करणारा कुठलाही प्राध्यापक, कुठल्याही युनिव्हर्सिटीतला, या रकान्यापाशी येऊन अडखळतोच. कारण ज्या झाडांबद्दल तो लिहितोय त्यातल्या बऱ्याच झाडांचा घेर तीन वर्षांत जेमतेम एखाद-दोन सेंटीमीटर वाढणार असतो, मध्ये एखादं वर्ष कोरडं गेलं तर तेवढाही नाही, आणि टेप धरणाऱ्या हाताने पडणारा फरक त्यातला बराचसा भाग खाऊन टाकू शकतो. म्हणजे तीन वर्षांनी हाती आलेला आकडा झाडाच्या वाढीचा की मोजण्यातल्या फरकाचा, हे छातीठोकपणे सांगणं अवघड. तरी रकाना रिकामा ठेवता येत नाही.

मी फॉरेस्ट्री शिकवते, त्यामुळे रिसर्च फंडिंग हा विषय माझ्या रोजच्या बोलण्यातला आहे, पण बाहेरच्या माणसाशी यावर बोलायला लागलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, जंगल तर आयतं उभंच आहे, मग पैसे लागतात कशाला? प्रश्न चांगला आहे, म्हणून जरा नीट सांगते.

समजा एक कायमचा प्लॉट आखलाय, म्हणजे जंगलाचा ठरावीक तुकडा, ज्यातली झाडं वर्षानुवर्षं परत परत मोजायची. त्यातल्या प्रत्येक झाडाला ॲल्युमिनियमचा छोटा बिल्ला असतो, त्यावर नंबर. बिल्ल्याचा खिळा पूर्ण आत ठोकायचा नाही, थोडा बाहेर ठेवायचा, कारण झाड जाड होत जातं आणि घट्ट ठोकलेला बिल्ला काही वर्षांत सालीच्या आत गडप होतो, मग ते झाड कुठलं हे शोधत बसा. घेर मोजायचा छातीच्या उंचीवर, आणि ही उंचीसुद्धा सगळीकडे एक नाही, काही देशांत जमिनीपासून १.३ मीटर धरतात तर काही ठिकाणी १.३७. म्हणून बुंध्यावर रंगाची रेघ मारून ठेवतात. पुढच्या खेपेला टेप त्या रेघेवरच लागला पाहिजे, चार बोटं वर लागला तर झाड बारीक झाल्यासारखं दिसतं, खाली लागला तर उगाच फुगल्यासारखं. बुंध्याला वेल चिकटलेली असेल तर टेप तिच्या खालून सरकवायचा, आणि ज्या झाडांची मुळं बुंध्याशी भिंतीसारखी वर चढलेली असतात तिथे शिडी लावून त्या भिंतींच्या वर मोजायचं. एक जण मोजतो आणि आकडा मोठ्याने सांगतो, दुसरा तोच आकडा परत उच्चारून मागच्या खेपेच्या आकड्याशी ताडून लिहितो. मागच्यापेक्षा कमी आला की परत टेप. हे एका झाडाचं झालं.

अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेचं एक केंद्र पनामातल्या बॅरो कोलोराडो बेटावर आहे. तिथे १९८० च्या सुमारास ५० हेक्टरचा प्लॉट आखला आणि एक सेंटीमीटरपेक्षा जाड असलेलं प्रत्येक खोड मोजलं, दोन लाखांवर खोडं! १९८५ पासून दर पाच वर्षांनी ती सगळी परत मोजतात. त्याच पद्धतीचा ५० हेक्टरचा प्लॉट १९८८ मध्ये तमिळनाडूतल्या मुदुमलईच्या जंगलात झाला आणि आज असे प्लॉट जगभर आहेत. आता गंमत बघा, दर पाच वर्षांनी मोजणी आणि ग्रँट तीन वर्षांची, म्हणजे एका ग्रँटमध्ये मोजणीची एक फेरीसुद्धा पूर्ण बसत नाही. ज्यांनी हे प्लॉट चालू ठेवलेत त्यांनी एका ग्रँटचं शेपूट दुसऱ्या ग्रँटच्या डोक्याला बांधत बांधत ठेवलेत, आणि त्या प्रत्येक गाठीपाशी कोणीतरी प्राध्यापक झोप उडवून बसलेला असतो.

पैसे खरे लागतात ते माणसांना. मशिनं मिळतात, मशिनांना ग्रँट द्यायला सगळे तयार असतात, ड्रोन म्हणा, लेझरने मोजणारं लायडार म्हणा, फोटोत चांगलं दिसतं. पण साल हातात घेऊन, पान चुरगळून वास घेऊन झाडाची जात सांगणारा फील्ड असिस्टंट, ज्याला प्लॉटमधली झाडं नंबराशिवाय ओळखू येतात, त्याचा पगार प्रोजेक्टवर असतो आणि प्रोजेक्ट संपला की तोही संपतो. मग तो दुसरं काम धरतो, धरणारच, घर चालवायचंय. सहा-आठ महिन्यांनी नवी ग्रँट येते तेव्हा नवा मुलगा येतो, हुशार असतो, मेहनती असतो, पण त्याला तयार व्हायला दोन सीझन जातात, आणि एकमेकांसारख्या दिसणाऱ्या दोन जाती त्याच्या हातून एकीच्या नावावर चढल्या तर तो घोळ आकड्यांत कायमचा बसतो. आमच्या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं नुकसान मला विचाराल तर हेच आहे. हे कुठल्याच ऑडिटमध्ये दिसत नाही.

मोजणीत खंड पडला की काय जातं, हेही सांगितलं पाहिजे, कारण पैसे देणाऱ्यांना वाटतं की एक-दोन वर्षं राहिली तर काय, झाडं कुठे पळून जातायत. वाढीचं एक वेळ भागतं, पाच वर्षांची एकूण वाढ नंतर मोजली तरी कळते. मरणाचं भागत नाही. दरवर्षी बघणारा माणूस असेल तर झाड उभ्या उभ्या वाळत गेलं की वादळात मोडलं की किडीने पोखरलं, हे त्याला बघून कळतं. पाच वर्षांनी गेलात तर तिथे नुसता कुजका ओंडका असतो, कधी तोही नसतो, फक्त बिल्ला मातीत पडलेला. त्या पाच वर्षांत एक मोठा दुष्काळ होऊन गेला असेल तर हे झाड दुष्काळाने गेलं का त्याच्या आधीच गेलं होतं? आता कोण सांगणार. आणि बदलत्या हवामानात जंगलं टिकतील का, हा आजचा सगळ्यात मोठा प्रश्न नेमका याच माहितीवर उभा आहे.

हवामानाचं निघालंच आहे तर चार्ल्स कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञाचं सांगते. हवाईच्या मौना लोआ डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला त्याने मार्च १९५८ मध्ये सुरुवात केली. आज तो चढता आलेख शाळेच्या पुस्तकात असतो. त्या आलेखाला १९६४ च्या सुरुवातीला एक छोटी फट आहे, काही आठवड्यांची, कारण फंडिंग कापलं गेलं आणि मोजणी थांबली. जगातल्या सगळ्यात महत्त्वाच्या मोजणीपैकी एक, आणि तिच्यावरही ही वेळ आली. पुढेही कीलिंगला ती चालू ठेवण्यासाठी वर्षानुवर्षं झगडावं लागलं, कारण पैसे देणाऱ्यांच्या नजरेत तेच तेच मोजणं म्हणजे रूटीन काम, संशोधन नव्हे. हा आक्षेप आजही तसाच ऐकायला मिळतो.

मला यावर जे म्हणायचंय ते असं, की जंगलाच्या माहितीची खरी किंमत बहुतेक वेळा त्या प्रश्नातून येते जो मोजणी सुरू करताना कोणाच्या डोक्यातही नव्हता. हे नुसतं मत नाही, याचे पुरावे आहेत. मध्य युरोपात १८७० च्या दशकापासून स्प्रूस आणि बीच या झाडांचे प्लॉट मोजत आलेत. सुरू केले तेव्हा हेतू अगदी व्यवहारी, किती वर्षांच्या जंगलातून किती लाकूड मिळेल याचे तक्ते बनवायचे. राज्यं बदलली, दोन महायुद्धं झाली, मोजणारे मेले, नवे आले, टेप चालू राहिला. २०१४ मध्ये त्या आकड्यांवरून जर्मनीतल्या संशोधकांनी दाखवलं की तिथली झाडं १९६० च्या मानाने ३२ ते ७७ टक्के जास्त वेगाने वाढतायत, आणि त्याचं मुख्य कारण वाढलेलं तापमान आणि लांबलेला वाढीचा हंगाम. लाकडाचे तक्ते करणाऱ्या त्या पहिल्या माणसाला कोणी अपेक्षित निष्कर्ष विचारला असता तर त्याने हे लिहिलं असतं का? शक्यच नाही. हवामान बदल हा विषयच त्याच्या काळात नव्हता.

तसंच अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमधलं हबर्ड ब्रुकचं जंगल. तिथे १९६३ मध्ये बोरमन, लाइकन्स हे शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा प्रश्न घेतला होता, जंगलात पावसाबरोबर काय येतं आणि ओढ्यातून काय वाहून जातं, कॅल्शियम किती, नायट्रेट किती, सगळा जमाखर्च. पाऊस गोळा करायचा, ओढ्याचं पाणी दर आठवड्याला बाटलीत भरायचं, लॅबमध्ये तपासायचं. पावसाच्या पहिल्याच नमुन्यांत आम्ल इतकं जास्त निघालं की ते कुठून आलं हे शोधता शोधता वर्षं गेली, आणि त्यातून उत्तर अमेरिकेतल्या ॲसिड रेनचा विषय १९७० च्या दशकात पुढे आला. पुढे १९९० मध्ये तिथल्या स्वच्छ हवा कायद्यात दुरुस्त्या होऊन कारखान्यांच्या आणि वीजकेंद्रांच्या धुरावर बंधनं आली. त्यानंतर पाऊस सुधारला का हेही त्याच आठवड्याच्या बाटल्यांनी सांगितलं. सुरुवात आणि शेवट दोन्ही एकाच ओढ्याच्या काठावर मोजलेलं, म्हणून त्यावर कोणाला वाद घालायला जागा राहिली नाही.

आता असं काम चालतं कशावर, हा खरा मुद्दा. साधारण तीन तऱ्हेचा पैसा असतो. स्पर्धेतून मिळणारी ग्रँट, जिच्याबद्दल वर बोलले. दुसरा ठरलेल्या सूत्राने दरवर्षी येणारा. आणि तिसरा ठेवीच्या व्याजाचा. माझा जीव दुसऱ्या आणि तिसऱ्यावर आहे, हे आधीच सांगून टाकते.

सूत्राने येणाऱ्या पैशाचं चांगलं उदाहरण अमेरिकेतला मॅकइन्टायर-स्टेनिस कायदा, १९६२ चा. मेन राज्याचे प्रतिनिधी क्लिफर्ड मॅकइन्टायर आणि मिसिसिपीचे सिनेटर जॉन स्टेनिस, दोघंही भरपूर जंगल असलेल्या राज्यांतले, यांच्या नावाने तो ओळखला जातो. राज्यात जंगलाखालची जमीन किती, वर्षाला लाकूडतोड किती, आणि केंद्राबाहेरून वनसंशोधनावर किती खर्च होतो, यावरून राज्याचा वाटा ठरतो आणि तो तिथल्या फॉरेस्ट्री शिकवणाऱ्या युनिव्हर्सिट्यांना जातो, त्यांनी स्वतःकडूनही तेवढीच भर घालण्याच्या अटीवर. रक्कम एकेका प्राध्यापकाच्या वाट्याला फार मोठी येत नाही. पण ती येणार हे माहीत असतं, आणि त्यावर पीएचडीचा विद्यार्थी ठेवता येतो, प्लॉटच्या रेघा परत रंगवता येतात, बिल्ले बदलता येतात. यावर टीकाही होते, की स्पर्धा नसली की आळस येतो, ठराविक लोकांना ठराविक पैसे मिळत राहतात. टीकेत तथ्य आहे, असे लोक मीही पाहिलेत. पण त्याचा इलाज हिशेब नीट तपासणं हा आहे, सगळाच पैसा शर्यतीला लावणं हा नाही.

कारण शर्यतीलाही खर्च येतो, तो फक्त कोणी मोजत नाही. ऑस्ट्रेलियात एकदा मोजला होता, वैद्यकीय संशोधनाच्या बाबतीत. २०१२ च्या एका फेरीत ३७२७ प्रस्ताव आले, ते लिहिण्यात संशोधकांची मिळून सुमारे ५५० वर्षांची मेहनत गेली, आणि मंजूर झाले साधारण पाचातला एक. विषय वेगळा असला तरी चित्र आमचंच आहे. त्यात आमचा लिहिण्याचा मोसम आणि जंगलात जायचा मोसम कधीकधी एकच येतो, आणि मग निवड करावी लागते.

मोसमाचं तर स्वतंत्र दुखणं आहे. मंजुरीचं पत्र येतं, मग करार, मग खातं उघडणं, मग नेमणुकीची जाहिरात, मग खरेदीची कोटेशनं, आणि या सगळ्यातून पहिला रुपया हातात पडेपर्यंत झाडाचा बहर होऊन गेलेला असतो, बी पडून रुजून गेलेलं असतं. लॅबमधला प्रयोग पुढच्या महिन्यात करता येतो. बहर पुढच्या वर्षीच. आणि काही झाडं तर दरवर्षी बी धरतही नाहीत. आग्नेय आशियातल्या डिप्टेरोकार्प कुळातल्या झाडांना एकदम सगळीकडे बहर येतो तो काही वर्षांच्या अंतराने, आणि कधी येईल हे आधी नक्की सांगता येत नाही. ईशान्य भारतातला मेलोकॅना बांबू साधारण ४८ वर्षांनी फुलतो, १९५८-५९ ला फुलला होता, मग २००६-०७ च्या सुमारास. म्हणजे एका संशोधकाच्या नोकरीत तो एकदाच फुलणार, आणि त्या वर्षी फाईल जर कुठल्या टेबलावर अडकली असेल तर पुढची संधी त्याच्या विद्यार्थ्याच्या विद्यार्थ्याला. वर्षअखेर शिल्लक पैसे परत करण्याची सक्ती जिथे असते तिथे तर आणखी वाईट, बहर आला नाही म्हणून पैसे उरले तर ते परत द्यायचे आणि बहर आला की मागायला जायचं.

ठेवीचा पैसा हा माझ्या मते सगळ्यात सुंदर, आणि सगळ्यात दुर्मीळ. इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडला १८४३ पासून शेतीचे प्रयोग चालू आहेत. जॉन लॉज हा तिथला जमीनदार, सुपरफॉस्फेट खताच्या धंद्यात त्याने पैसा केला आणि १८८९ मध्ये १ लाख पौंडांचा ट्रस्ट करून ठेवला, की आपल्या माघारी हे प्रयोग बंद पडू नयेत. तिथे गव्हाच्या शेताचा एक तुकडा १८८२ मध्ये कापणी न करता तसाच सोडून दिला, त्यातल्या एका भागाचं आता दाट जंगल झालंय, आणि सोडलेल्या जमिनीत कार्बन किती आणि कसा साठत जातो हे सांगणारी इतकी जुनी नोंद जगात फार थोड्या ठिकाणी मिळेल. हा लॉज खतवाला होता आणि प्रयोगही खताचेच होते, म्हणून पैसा कोणाचा हा प्रश्न तेव्हाही होताच. आजही आहे. लाकूड कंपनी पैसे देते, आता कार्बन क्रेडिटवाले देतात, आणि घ्यायला हरकत नाही असं मला वाटतं, फक्त दोन गोष्टी करारात पांढऱ्यावर काळं करून हव्यात, निकाल काहीही लागला तरी छापण्याचा हक्क आमचा आणि कच्चे आकडे युनिव्हर्सिटीकडे राहणार. यावर कंपनी कां-कूं करायला लागली की त्या टेबलावरून उठावं.

सरकारी पैसाही कायमचा नसतो, तेही लक्षात ठेवायला हवं. कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये १९६८ पासून अख्खी तळी प्रयोगासाठी राखून ठेवलीत. तिथे १९७३ मध्ये डेव्हिड शिंडलरच्या गटाने एका तळ्याच्या मधोमध पडदा टाकून त्याचे दोन भाग केले, एकीकडे नायट्रोजन आणि कार्बन घातला, दुसरीकडे त्यांच्या जोडीला फॉस्फरस, आणि फॉस्फरसवाला भाग शेवाळाने हिरवागार झाला. वरून घेतलेला तो एक फोटो शंभर पेपरांपेक्षा जास्त बोलला. साबणातला आणि सांडपाण्यातला फॉस्फरस कमी करा हे सांगायला त्याचा फार उपयोग झाला. तरीही २०१२ मध्ये केंद्र सरकारने हे ठिकाण बंद करायचं जाहीर केलं. शास्त्रज्ञ आणि सामान्य लोक मिळून लढले, आणि २०१४ मध्ये प्रांत सरकारच्या मदतीने एका स्वतंत्र संस्थेने ते चालवायला घेतलं. वाचलं ते लोकांना त्याची गोष्ट माहीत होती म्हणून. आमच्या क्षेत्रातल्या बहुतेक प्लॉटांची गोष्ट प्लॉटवाल्या प्राध्यापकाशिवाय कोणालाच माहीत नसते, तो रिटायर झाला की वह्या कपाटात, कपाट स्टोअररूममध्ये, आणि पुढचं तुम्हाला कळलंच.

नव्या प्राध्यापकांचा यात फार जीव जातो. नोकरी पक्की व्हायला पाच-सहा वर्षांत पेपर दाखवायचे, मग कोण लावणार तीस वर्षांचा प्रयोग? हुशार मुलं सॅटेलाइटच्या आयत्या माहितीकडे वळतात, तीही गरजेची आहे, पण सॅटेलाइटचा आकडा खरा का खोटा हे शेवटी जमिनीवरच्या टेपवरूनच ठरतं. अमेरिकेत १९८० मध्ये दीर्घकालीन परिसंस्था संशोधनाची योजना सहा जागांवर सुरू झाली, त्यात पैसा सहा-सहा वर्षांचा देतात आणि काम बघून वाढवतात, आणि अशा जागी जोडला गेलेला तरुण प्राध्यापक आधीच्या माणसाच्या आकड्यांवर उभा राहून पेपरही लिहू शकतो आणि पुढची मोजणीही करतो. याला फार मोठी रक्कम लागते असं नाही. एका भारी मशिनच्या पैशात एक प्लॉट कितीतरी वर्षं चालतो.

मी स्वतः आता ग्रँटचे प्रस्ताव तपासणाऱ्या काही रिव्ह्यू पॅनलवर बसते. जुने प्लॉट परत मोजण्याचा प्रस्ताव आला की कोणीतरी म्हणतंच, यात नावीन्य काय आहे? तेव्हा मी सविस्तर लिहून देते, हा कुठला प्लॉट, पहिली मोजणी कधीची, या वर्षी राहिली तर कुठल्या दुष्काळाचा किंवा वादळाचा हिशेब कायमचा हुकणार, आणि फील्ड असिस्टंटचा पगार मधल्या रिकाम्या महिन्यांसाठी का धरलाय आणि तो का कापू नये. प्रस्ताव दर वेळी पास होतो असं नाही. पण ते लिहिलेलं मिनिट्समध्ये राहतं, आणि पुढच्या वर्षी तोच प्रस्ताव परत आला की पॅनलवर आलेल्या नव्या माणसाला मी आधी ते पान वाचायला देते, मग आम्ही चर्चा सुरू करतो.